मागणी अभियंत्यांची, अडचण व्हिसाची

२८ एप्रिल २०२५ रोजी दुपारी साडेबाराच्या सुमारास स्पेन आणि पोर्तुगाल या दोन्ही देशांतील वीज अवघ्या काही सेकंदांत गेली. माद्रिदच्या भुयारी रेल्वेतील गाड्या थांबल्या, चौकांतील वाहतूक दिवे विझले आणि पुरवठा पूर्णपणे सुरळीत होईपर्यंत दुसऱ्या दिवसाची पहाट उजाडली. युरोपातील पारेषण कंपन्यांच्या संघटनेच्या तज्ज्ञ समितीने ऑक्टोबर २०२५ मध्ये जो अहवाल दिला, त्यानुसार विद्युतदाब अनावर वाढत गेल्याने वीजनिर्मिती केंद्रे एकामागून एक जाळ्यातून बाहेर पडली. युरोपात या कारणाने ग्रिड कोसळण्याची ही पहिलीच घटना. त्या दिवशी तिथे विजेचा तुटवडा नव्हता, ऊनही भरपूर होते. चुकले ते जाळे सांभाळण्याचे गणित.

हे गणित मांडणाऱ्या माणसांची आज जगभर चणचण आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने ऑक्टोबर २०२३ मध्ये वर्तविलेल्या अंदाजानुसार २०४० पर्यंत आठ कोटी किलोमीटर लांबीच्या वीजवाहिन्या नव्याने टाकाव्या किंवा बदलाव्या लागतील. जगाने आजवर जेवढे जाळे उभारले, जवळपास तेवढेच पुन्हा. अमेरिकेत २०२३ अखेर ग्रिडला जोडणी मिळण्याची वाट पाहणाऱ्या प्रकल्पांची एकत्रित क्षमता सुमारे २,६०० गिगावॅट होती. ब्रिटनमधील अशी रांग ७०० गिगावॅटच्या पुढे गेल्यावर ती मोडून नव्याने लावावी लागली. त्यात माहिती केंद्रांची, म्हणजे डेटा सेंटर्सची, भर पडली. आयर्लंडमध्ये तर २०२३ साली एकूण मोजलेल्या विजेपैकी २१ टक्के वीज एकट्या डेटा सेंटर्सनी वापरली. अशी प्रत्येक जोडणी देण्यापूर्वी भारप्रवाह, लघुमंडल आणि स्थैर्य यांचा अभ्यास करावा लागतो, संरक्षक रिलेंची मांडणी ठरवावी लागते. हे काम करणारा अभियंता म्हणजेच पॉवर सिस्टिम्स इंजिनीअर.

संगणक शाखेच्या झगमगाटात मागे पडलेल्या विद्युत शाखेला त्यामुळे पुन्हा बरे दिवस आले आहेत. पुणे, मुंबई, नागपूर, सांगलीच्या महाविद्यालयांतून बाहेर पडणारे पदवीधर आणि त्यांचे पालक परदेशातील नोकऱ्यांची, इंटर्नशिपची चौकशी करू लागले आहेत. या चौकशीमागे बहुधा एक सरळ तर्क असतो: तिकडे माणसे कमी आहेत, तेव्हा व्हिसा मिळणारच. खरी मेख या तर्कात आहे. टंचाई हा देशाचा प्रश्न असतो. व्हिसासाठी अर्ज, शुल्क आणि कागदपत्रे यांचा भार मात्र एखाद्या कंपनीला उचलावा लागतो, आणि ती कंपनी देशाच्या गरजेचा नव्हे, आपल्या खर्चाचा हिशेब करते. परदेशी उमेदवाराची निवड अखेर या हिशेबावर ठरते.

शिवाय ‘व्हिसा स्पॉन्सर’ हा शब्द सर्वत्र एकाच अर्थाने वापरला जात असला, तरी त्यामागील व्यवस्था देशागणिक वेगळी आहे. आखातात गेलेल्या आपल्याकडच्या माणसांना ‘कफील’ हा शब्द दोन पिढ्यांपासून ठाऊक आहे. अमेरिकेत मालकाने सरकारकडे अर्ज करायचा आणि पुढे सोडतीची वाट पाहायची. ब्रिटनमध्ये मालकाकडे आधी सरकारी परवाना हवा. जर्मनीत असा परवानाच नाही. त्यामुळे सर्व देशांना एकाच साच्यातला अर्ज पाठवून ‘आपण स्पॉन्सर करता काय’ असे विचारणारा उमेदवार निम्म्या ठिकाणी चुकीचाच प्रश्न विचारत असतो.

अमेरिकेचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. एच-१बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५ हजार आणि अमेरिकी विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार, ही चौकट जुनीच आहे. परंतु सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एका घोषणेद्वारे, देशाबाहेरून येणाऱ्या उमेदवारासाठी केल्या जाणाऱ्या नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरचा आकार लावला. तेव्हाच्या दराने हे सुमारे ८८ लाख रुपये झाले. घोषणेची मूळ मुदत एक वर्षाची होती. पण पुण्यात बसलेल्या नवख्या अभियंत्यासाठी एवढी रक्कम भरणारी कंपनी शोधणे म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नाही. पुढच्याच महिन्यात आलेल्या सरकारी स्पष्टीकरणानुसार, अमेरिकेतच शिकत असलेल्या आणि तिथूनच व्हिसाचा प्रकार बदलणाऱ्या विद्यार्थ्याला हा आकार लागू होत नव्हता. पाठोपाठ २७ फेब्रुवारी २०२६ पासून सोडतीची पद्धतही बदलली. वेतनाच्या चार श्रेणींपैकी वरच्या श्रेणीतील उमेदवाराची चिठ्ठी चार वेळा, तर तळच्या श्रेणीतील उमेदवाराची एकदाच टाकायची, असे नव्या नियमाचे स्वरूप आहे. नुकताच पदवीधर झालेला अभियंता स्वाभाविकपणे तळच्या श्रेणीत येतो. म्हणजे आधी देशात या, मग अनुभव मिळवा, मग वेतन वाढवा आणि त्यानंतर सोडतीत उतरा, असा क्रम झाला.

हा क्रम पाळण्यास वेळ मिळतो तो विद्यार्थी व्हिसावरील प्रत्यक्ष कामाच्या सवलतीमुळे. पदवीनंतर बारा महिने आणि विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना आणखी चोवीस, असे तीन वर्षे काम करता येते. विद्युत अभियांत्रिकी या शाखांत मोडते. या तीन वर्षांत कंपनीला उमेदवार पारखता येतो आणि उमेदवाराला दोन-तीनदा सोडतीत नशीब अजमावता येते. मात्र या वाटेवर निघताना घरावर तीस-चाळीस लाखांचे कर्ज चढलेले असते, आणि चौथ्या वर्षी सोडत लागली नाही तर त्याचे हप्ते रुपयांतील पगारातून भागवावे लागतात. कर्जाच्या अर्जावर सही करताना बापाने हा हिशेब मुलासमोर मांडलेला बरा.

अमेरिकेतील वीज क्षेत्राचा आणखी एक विशेष आहे. नियामक आयोगाच्या देखरेखीखाली चालणाऱ्या वीज वितरण कंपन्या सहसा स्थानिक माणसे घेतात. ग्रिडच्या महत्त्वाच्या नियंत्रण यंत्रणांपर्यंत ज्याला पोहोचू द्यायचे, त्याची मागील सात वर्षांची गुन्हेविषयक पडताळणी तेथे नियमानेच करावी लागते. नागरिकत्वाची अट त्यात नाही, पण नुकत्याच आलेल्या परदेशी माणसाची पडताळणी म्हणजे मनुष्यबळ विभागाला वाढीव काम. त्यामुळे परदेशी अभियंत्यांना पहिली संधी बहुधा सल्लागार कंपन्या आणि उपकरणे बनविणारे उद्योग यांच्याकडून मिळते.

ब्रिटनमध्ये सोडत नाही, वेतनाची भिंत आहे. २२ जुलै २०२५ पासून कुशल कामगार व्हिसासाठी किमान वार्षिक वेतन ४१,७०० पौंड झाले. त्या व्यवसायाचा सरकारने ठरविलेला दर याहून अधिक असेल, तर तो दर द्यावा लागतो. नवख्यांना सवलत आहे, पण तीही किमान ३३,४०० पौंडांची. वेतनाखेरीज कंपनीवर कौशल्य आकार येतो. १६ डिसेंबर २०२५ पासून मोठ्या कंपनीसाठी तो वर्षाला १,३२० पौंड, म्हणजे पाच वर्षांच्या व्हिसासाठी ६,६०० पौंड झाला. हा आकार उमेदवाराकडून वसूल करण्यास कायद्याने मनाई आहे. जानेवारी २०२६ पासून इंग्रजीची अटही कडक झाली. एकीकडे सरकारला २०३० पर्यंत स्वच्छ वीज हवी आहे, त्यासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्रीय ऊर्जा यंत्रणा चालक ही स्वतंत्र सार्वजनिक संस्था उभारली गेली, स्कॉटलंडहून दक्षिणेकडे वीज नेणाऱ्या वाहिन्यांची कामे सुरू आहेत. दुसरीकडे गृहखाते दार अरुंद करीत आहे. दोन खाती दोन दिशांना ओढत असल्याचे हे चित्र भारतीय वाचकाला अपरिचित नसावे.

या भिंतीत एक छोटी खिडकी आहे, आणि ती फारशी कोणाला माहीत नसते. भारत-ब्रिटन युवा व्यावसायिक योजनेखाली १८ ते ३० वर्षे वयाच्या भारतीय पदवीधरांना दरवर्षी तीन हजारांपर्यंत व्हिसा मिळतात. त्यासाठी मालकाचे प्रायोजकत्व लागत नाही. २,५३० पौंडांची शिल्लक दाखवावी लागते आणि सोडतीत नाव यावे लागते. दोन वर्षे राहून काम करता येते. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२४ मध्ये याच धर्तीवर ‘मेट्स’ ही योजना सुरू केली. तिथेही वर्षाला तीन हजार जागा, ३० वर्षांपर्यंत वय आणि दोन वर्षांचा मुक्काम. अभियांत्रिकी आणि अक्षय ऊर्जा ही क्षेत्रे तिच्यात स्पष्टपणे नमूद आहेत. मात्र पदवी राष्ट्रीय क्रमवारीतील पहिल्या शंभर भारतीय संस्थांपैकी एकीची हवी. कंपनीच्या दृष्टीने अशा उमेदवाराला घेण्यात व्हिसाचा खर्च शून्य.

जर्मनीची गोष्ट वेगळी. नोकरीचे पत्र, मान्य पदवी आणि ठरावीक वेतन या तीन गोष्टी असल्या की युरोपीय ब्लू कार्डसाठी उमेदवार स्वतःच अर्ज करतो. २०२६ साठी वेतनाची मर्यादा ५०,७०० युरो आहे. अभियंत्यांसारखे टंचाईचे व्यवसाय आणि पदवी घेऊन तीन वर्षे न झालेले उमेदवार यांच्यासाठी ती सुमारे ४५,९३४ युरो आहे. ना सोडत, ना परवाना. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या वार्षिक व्हिसांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे जाहीर केले. उत्तर समुद्रालगतची पवनऊर्जा दक्षिणेतील कारखान्यांपर्यंत पोहोचविण्यासाठी सुमारे ७०० किलोमीटर लांबीची ‘सुएडलिंक’ ही भूमिगत उच्चदाब एकदिश वाहिनी टाकली जात आहे. चार पारेषण कंपन्या, त्यांचे सल्लागार आणि उपकरण उत्पादक या सर्वांनाच माणसे हवी आहेत.

मग अडते कुठे? भाषेवर. रूपांतरक केंद्राची नियंत्रण प्रणाली आखणाऱ्या गटात इंग्रजी चालून जाते. पण उपकेंद्रात उभे राहून स्विच उघडण्याचा आदेश देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकच भाषा कळावी लागते, कारण तिथे गैरसमजाची किंमत जिवाने मोजावी लागते. त्यामुळे जर्मन न येणाऱ्या अभियंत्यासमोर उपलब्ध जागांपैकी मोजक्याच उरतात. कायम वास्तव्याचा नियमही हेच सांगतो: ब्लू कार्डधारकाला प्राथमिक जर्मन येत असेल तर २७ महिने, मध्यम पातळीची येत असेल तर २१.

इंटर्नशिपबद्दल तर गैरसमजच अधिक आहेत. भारतात शिकत असताना किंवा पदवीनंतर परदेशी वीज कंपनीत थेट सशुल्क इंटर्नशिप मिळेल आणि तीच कंपनी व्हिसा काढून देईल, ही अपेक्षा क्वचितच पुरी होते. बहुतेक देशांत इंटर्नशिप ही अभ्यासक्रमाला बांधलेली असते. अमेरिकेत एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर विद्यापीठाच्या अनुमतीने ती करता येते. जर्मनीत विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा आहे, आणि तेथील कंपन्यांत ‘वर्कश्टुडेंट’ म्हणून अर्धवेळ काम करणारा विद्यार्थी पुढे प्रबंधही त्याच कंपनीत करतो आणि अनेकदा तिथेच नोकरीला लागतो. ब्रिटनमधील एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात मात्र इंटर्नशिपला मुळात वेळच नसतो; जाहिरातींतील पुस्तिका हे सांगत नाहीत. भारतात राहून प्रयत्न करणाऱ्यांसाठी ‘आयएस्टे’ ही १९४८ पासून चालत आलेली तांत्रिक विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची संस्था हा एक प्रामाणिक मार्ग आहे. जागा थोड्या, पण फसवणूक नाही.

पदवीच्या मान्यतेचा मुद्दाही घरच्या चर्चेत सहसा निघत नाही. अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत जून २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाला, तेव्हा त्याचे मोठे स्वागत झाले. परंतु या कराराचा लाभ राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाने पहिल्या स्तरात मान्यता दिलेल्या अभ्यासक्रमांनाच मिळतो. आणि हा स्तर मुख्यतः विद्यापीठे व स्वायत्त संस्था यांच्यासाठी आहे. विद्यापीठाशी संलग्न असलेली महाविद्यालये दुसऱ्या स्तरात मोडतात. ऑस्ट्रेलियात कौशल्य मूल्यांकन करून घेताना या फरकामुळे दुसऱ्या स्तरातील पदवीधराला आपल्या कामाचे सविस्तर अहवाल लिहून क्षमता सिद्ध करावी लागते. एकाच गावातील दोन महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना दोन वेगळ्या रांगा लागू शकतात, आणि प्रवेशाच्या वेळी हे कोणी सांगत नाही.

असे असूनही भारतीय अभियंत्याची बाजू दुबळी नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे ग्रिड उर्वरित देशाशी एका वारंवारतेवर जोडले गेले. जुलै २०१२ मध्ये सलग दोन दिवस ग्रिड कोसळून साठ कोटींहून अधिक लोक अंधारात गेले, त्याला तेव्हा दीड वर्षही झाले नव्हते. आज हे जगातील सर्वांत मोठ्या एकसंध जाळ्यांपैकी एक आहे आणि ३० मे २०२४ रोजी त्याने २५० गिगावॅटची मागणी पेलली. ब्रिटन आणि जर्मनीतील पारेषण ४०० किलोव्होल्टच्या आसपास थांबते. आपला अभियंता त्याच्या जवळजवळ दुप्पट दाबावर काम करतो. चंद्रपूर-पडघे ही एकदिश वाहिनी १९९९ पासून चालू आहे. हा अनुभव कोणत्याही परदेशी कंपनीला हवासा वाटेल असा आहे.

तो अर्जात उतरत मात्र नाही. ‘उपकेंद्रात तीन वर्षे काम’ या ओळीतून लंडन किंवा सिडनीतल्या माणसाला काहीच कळत नाही. कोणत्या रिलेंच्या सेटिंग्ज स्वतः काढल्या, कोणत्या सौरप्रकल्पाच्या जोडणीचे अनुरूपण पीएसकॅड, पीएसएस-ई किंवा पॉवरफॅक्टरीवर केले, ग्रिड कोडमधील कोणत्या अटीवर प्रकल्प अडला आणि तो कसा सुटला, हे त्याला हवे असते. स्पेनमधील घटनेनंतर तर इन्व्हर्टरवर चालणाऱ्या निर्मितीचा विद्युतदाबावर होणारा परिणाम तपासू शकणाऱ्यांची विचारणा अधिकच होणार. हे काम राजस्थान आणि गुजरातमधील सौरप्रकल्पांसाठी आज भारतातच मोठ्या प्रमाणावर चालते. ते दोन-तीन वर्षे केलेला अभियंता आणि काल पदवी घेतलेला अभियंता यांच्यात व्हिसाचा खर्च करणारी कंपनी कोणाला निवडेल, हे उघड आहे.

येथे एका कमी चर्चेतल्या मार्गाचा उल्लेख करावा लागेल. हिताची एनर्जी, सीमेन्स एनर्जी, जीई व्हर्नोव्हा अशा कंपन्या परदेशी ग्रिडसाठीचे बरेच अभियांत्रिकी काम भारतातील केंद्रांतून करून घेतात. हिताची एनर्जीचे चेन्नईतील तंत्रज्ञान केंद्र हे त्याचे ठळक उदाहरण. अशा कंपनीत एक वर्ष झाल्यावर अमेरिकेतील शाखेत एल-१ व्हिसावर बदली होऊ शकते. या व्हिसाला एच-१बीची सोडत नाही आणि एक लाख डॉलरची घोषणाही त्याला लागू केलेली नव्हती. ब्रिटनमध्ये अंतर्गत बदलीसाठी वेतनाची अट ५२,५०० पौंड, म्हणजे बरीच वरची आहे. त्यामुळे तिथे ही वाट ज्येष्ठांपुरती राहते. बदलीवर गेलेला माणूस त्या कंपनीला बांधलेला असतो, हेही खरे. परंतु कर्जाशिवाय आणि हातात नोकरी असताना परदेशी जाण्याचा याहून सुरक्षित मार्ग सध्या दिसत नाही.

असुरक्षित मार्ग मात्र दारोदार फिरत आहेत. ‘प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र’ दहा-पंधरा लाखांत मिळवून देतो, असे सांगणारे दलाल आता वृद्धसेवेच्या नोकऱ्यांवरून अभियंत्यांकडे वळतील अशी चिन्हे आहेत. ब्रिटनमध्ये जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात वृद्धसेवा क्षेत्रातील ४७० हून अधिक मालकांचे परवाने रद्द झाले आणि हजारो परदेशी कामगार उघड्यावर आले. परवाना गेला की कामगाराला दुसरा मालक शोधण्यास साधारण साठ दिवस मिळतात. परवानाधारक कंपन्यांची यादी ब्रिटनचे गृहखाते स्वतःच प्रसिद्ध करते. ती चाळण्यास पैसे पडत नाहीत. मात्र यादीत नाव असणे म्हणजे जागा रिकामी असणे नव्हे. भारतात परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या दलालाची सरकारदरबारी नोंदणी बंधनकारक आहे आणि त्याला उमेदवाराकडून तीस हजार रुपये व त्यावरील कर एवढेच घेता येतात. त्याहून अधिक मागणारा कोण, हे त्या मागणीवरूनच समजावे.

वेळेचे गणितही आता बदलले आहे. ब्रिटनमध्ये शिक्षणानंतर काम करण्यासाठी मिळणारा पदवीधर व्हिसा दोन वर्षांचा आहे. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी तो अठरा महिन्यांचा होणार, असे तेथील सरकारने जाहीर केले आहे. सप्टेंबर २०२६ मध्ये एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला बसणारा विद्यार्थी २०२७ च्या अखेरीस पदवी घेईल, तेव्हा त्याच्या हाती अठरा महिनेच असतील. पारेषण कंपन्यांची पदवीधर भरती सहसा वर्षातून एकदा, शरद ऋतूत उघडते. त्याला अशा फार तर दोन भरत्या मिळतील, आणि त्यांतील पहिली तो अजून प्रबंधातून पुरता मोकळाही झालेला नसताना.